रविवारी ट्रॅक, सोमवारी पीथमपूर : एका सिटीच्या इंजिनाच्या नोंदी

१ सप्टेंबर २०२४, रविवार

फेब्रुवारीपासून मनाला लागून राहिलेलं काम आज हातात घेतलं. पहिलं पान गाडीचं.

होंडा सिटी, २०११ ची, १.५ लिटर आय-व्हीटेक, पाच गिअर. ओडोमीटरवर १,१८,४०० किमी. माझ्याकडे येण्याआधी काही वर्षं ती सीएनजीवर चालली होती, किट काढून विकली गेली. इंदुरात राजेंद्र नगरहून पीथमपूरला कंपनीत मी रोज हिच्यातूनच जाते, जाऊन-येऊन साधारण ५० किमी. दुसरी गाडी घरात नाही, घेण्याचा विचारही नाही.

आता फेब्रुवारीबद्दल. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तो माझा पहिला ट्रॅक डे होता, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस. ५.१२५ किमीचा फेरा, १६ वळणं. तिसऱ्या सत्रात दहा-अकरा क्रमांकाच्या लांबलचक उजव्या वळणात तेलाचा लाल दिवा लागला आणि विझला. पुरता सेकंदभरही नसेल. मी पाय उचलला, हळूहळू आत आले, इंजिन थंड होऊ दिलं आणि डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली. सकाळी ते अर्ध्यावर असल्याचं मी पाहिलं होतं आणि ‘चालेल’ म्हणून टोपण लावलं होतं.

तो दिवा तेल कमी झाल्याचा नसतो. तेलाचा दाब जवळजवळ संपला की तो लागतो. त्या क्षणी क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) बेअरिंगांत तेलाचा थर किती उरला होता, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून ही वही. ताकद वाढवायची नाही. ईसीयू (इंजिनाचा संगणक), एक्झॉस्ट, कॅम यांना हात लावायचा नाही. रविवारी ट्रॅकवर फिरलेलं इंजिन सोमवारी सकाळी पीथमपूरला निघालं पाहिजे, एवढंच काम.

८ सप्टेंबर, रविवार

घरी गणपती. गॅरेजात गौरींच्या मखराचे खोके आहेत, त्यामुळे गाडी रस्त्यावर. काम नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

फेब्रुवारीत घरी परतल्यावर तेल बदललं होतं. तेव्हाचा फिल्टर बाबांनी टाकला नव्हता, हे मला आज कळलं. पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर तारीख घालून ठेवलेला. बाबा गिरणीत फिटर होते, सुटा भाग उघडून पाहिल्याशिवाय फेकायचा नाही ही त्यांची सवय.

फिल्टर करवतीनं कापायचा नसतो. करवतीचाच कीस आत पडतो आणि मग आपण आपलाच कीस मोजत बसतो. बाबांनी तो लेथवर धरून तोंडाची शिवण तेवढी सोलून आणली. आतला कागद घडीघडीनं कापून पांढऱ्या कपड्यावर पसरला, तेल निथळू दिलं आणि उन्हात तिरका धरला.

चमकणारे कण अकरा. त्यांतले चार चुंबकाला चिकटले, म्हणजे लोखंड : रिंग, चेन, कॅम यांपैकी काहीतरी. सात चिकटले नाहीत. ते ॲल्युमिनियमचे असतील किंवा बेअरिंगच्या वरच्या मऊ थराचे. मोठा, नखानं उचलता येईल असा कण एकही नव्हता.

मी गप्प बसले. बाबा म्हणाले, “अकरा कणांवर इंजिन उघडत नाहीत. आधी दाब मोज. गरम इंजिनाला आयडलला दाब टिकत असेल तर बेअरिंगं आहेत.” बरोबर आहे. आयडल म्हणजे गाडी उभी, इंजिन नुसतं चालू. पण दाब मोजायला गेज हवा आणि गाडीत आहे फक्त दिवा. तो पुढचा विषय.

संध्याकाळी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडर हवा किती दाबतो ते मोजणं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोलचा पुरवठा बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. पहिला १८८ पीएसआय (दाबाचं एकक), दुसरा १८६, तिसरा १६२, चौथा १८७.

पुस्तकाप्रमाणे किमान १३५ हवं आणि चौघांतला फरक २९ च्या आत. म्हणजे कागदोपत्री गाडी पास आहे. मला मात्र हे पटत नाही. तिघं एका ओळीत आणि एकटा २५ नं खाली, तर त्या एकट्याला काहीतरी होतंय. तिसऱ्या सिलेंडरमध्ये थोडं तेल टाकून पुन्हा मोजलं : १६४. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तेलानं आकडा चांगलाच वर गेला असता. पंक्चरवाल्या भाईंचा कॉम्प्रेसर आणून तिसरा सिलेंडर टीडीसीला (पिस्टन अगदी वर) धरला आणि प्लगच्या भोकातून हवा भरली. बाबांनी सायलेन्सरला कान लावला. फुसफुस तिथून येतेय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

२२ सप्टेंबर, रविवार

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा रॉकर यांच्यामधली बारीक फट. आजचा दिवस याचाच.

होंडाचं सांगणं असं की टॅपेट तपासताना हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) तापमान ३८ अंशांच्या खाली हवं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी हवाच त्याहून गरम असते. आता पावसाळा सरत आलाय, तरी रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी साडेसहाला टॅपेट कव्हर उघडलं.

या इंजिनात ही फट आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत. रॉकरवर स्क्रू आणि लॉकनट, जुन्या पद्धतीचं. इनटेकला ०.१५ ते ०.१९ मिमी, एक्झॉस्टला ०.२६ ते ०.३० मिमी. सोळा व्हॉल्व्ह, क्रम १-३-४-२, एकेक सिलेंडर टीडीसीला आणायचा आणि फीलर गेज (ठरावीक जाडीची पट्टी) घालायची.

इनटेकचे आठही बरोबर. एक्झॉस्टचे आठही घट्ट. सात जण ०.१७ ते ०.२२ मध्ये, आणि तिसऱ्या सिलेंडरचा एक, त्यात ०.०५ ची पट्टीसुद्धा जोर लावल्याशिवाय जाईना. हा व्हॉल्व्ह थंड असताना जेमतेम बंद होतो. गरम झाला की लांबतो आणि सीटवरून किंचित उचललेलाच राहतो.

याचं मूळ सीएनजीत आहे असं माझं मत. पेट्रोलच्या इंजिनात सीएनजी जाळला की व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये पेट्रोलच्या ज्वलनातून बसणारा पातळ थर बसत नाही, सीट हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह वर सरकतो. गॅप वाढत नाही, घटतो. गंमत अशी की सैल टॅपेट टकटक करतं, म्हणून माणूस मेकॅनिककडे जातो. घट्ट टॅपेटचा आवाजच येत नाही. इंजिन छान शांत चालतं आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत असतो, कारण व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो. टेकायलाच मिळालं नाही तर तो ती नेणार कुठे? ऑफिसच्या वाटेवर २,५०० आरपीएमला हे खपतं. ट्रॅकवर वीस मिनिटं ६,००० च्या आसपास खपणार नाही.

मी एक्झॉस्ट सगळे ०.३० ला लावले, म्हणजे सैल टोकाला. बाबा शेजारी स्टूल टाकून बसले होते. लॉकनट आवळताना स्क्रू अर्धा केस फिरतो आणि माप बदलतं. त्यांनी मला प्रत्येक टॅपेट आवळल्यावर पुन्हा मोजायला लावलं, आठच्या आठ. साडेअकरा वाजले. आईनं पोहे दोनदा गरम केले.

दुपारी इंजिन गरम करून पुन्हा कॉम्प्रेशन : १८८, १८७, १८०, १८८. तिसरा अजून आठनं मागे आहे, सीटवर थोडी झीज राहिलेली असणार. पण सायलेन्सरची फुसफुस गेली.

हा दोष सापडला नसता आणि मी नवं तेल, नवा कूलर, नवे प्लग घालून डिसेंबरात बुद्धवर गेले असते, तर व्हॉल्व्ह तिथेच गेला असता.

२९ सप्टेंबर, रविवार

रेडिएटर. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, मधल्या बोटभर फटीत तेरा वर्षांची धूळ, किडे, कापसासारखं काहीतरी. बाहेरून हे दिसतच नाही. वरचे ब्रॅकेट सोडून कंडेन्सर पुढे झुकवला आणि इंजिनाच्या बाजूनं, साध्या नळाच्या पाण्यानं धुतलं. प्रेशर वॉशरनं पंख आडवे होतात. गाळ बादलीभर निघाला.

रेडिएटरचं टोपण नवं, १.१ दाबाचंच. कूलंट निम्मं इथिलीन ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड पाणी. हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, टोपणानं दाब धरला की १२० च्या वर जातं. म्हणजे टोपणाची रबरी सील गेली असेल तर हा सगळा वरचा हिशेब गेला.

टोपण घ्यायला गेले तिथे उस्तादांशी वाद झाला. “दीदी, थर्मोस्टॅट निकाल दो, गाड़ी ठंडी रहेगी.” हा सल्ला माळव्यात गल्लोगल्ली मिळतो, आणि देणारा मनापासून देतो. मीही मनापासून सांगितलं की काढणार नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप. तो काढला की रोजच्या प्रवासात इंजिन तापायलाच वेळ लागतो, ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो, ते पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. ज्या तेलाच्या दाबासाठी मी हे सगळं करतेय तेच तेल मी रोज पातळ करू? थर्मोस्टॅट गरम झाल्यावर तसाही पूर्ण उघडतो. गाडी तापत असेल तर दोष दुसरीकडे असतो, बहुतेक वेळा त्या बोटभर फटीत.

नवा थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून उघडतो का ते पाहिलं आणि बसवला.

६ ऑक्टोबर, रविवार

तेलाचा गेज. अर्ध्या दिवसाचं काम धरलं होतं, तीन शनिवार-रविवार जाणार.

तापमानाचा सेन्सर सोपा निघाला. फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी चकती मिळते, होंडाचे आटे एम२० गुणिले १.५, ते बरोबर होते. अडलं दाबाच्या सेन्सरवर. मूळ स्विच काढून तिथे ‘टी’ (तीन तोंडांचा जोड) लावायचा. बाजारातून आणलेल्या सेन्सरवर लिहिलंय १/८. गाडीचं भोकही १/८, आपल्या भाषेत एक सूत. दोन आटे बसले, तिसऱ्याला अडकला. मी पाना लावायला गेले तर बाबांनी हात धरला.

दोन्ही एक सूतच, पण एक नाही. होंडाचे आटे बीएसपीटी (ब्रिटिश माप) : इंचाला २८, कोन ५५ अंश. सेन्सरचे एनपीटी (अमेरिकी माप) : इंचाला २७, कोन ६० अंश. दोन-तीन आट्यांपर्यंत हे एकमेकांत मजेत जातात आणि मग पान्यानं ओढलं की ॲल्युमिनियमचं भोक सोलतं. ब्लॉकवरचं ते भोक गेलं असतं तर काय केलं असतं, याचा विचार रात्री झोपताना आला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. गाडीला हार, टॉर्क पाना, फीलर गेज, बाबांचं मायक्रोमीटर यांना हळदकुंकू. आजीच्या वेळचा गिरणीतला पानाही पाटावर होता.

सांवेर रोडच्या एका लेथवाल्याकडून पितळेचा जोड करून आणला, एका बाजूला बीएसपीटी, दुसऱ्या बाजूला एनपीटी. मूळ दिव्याचा स्विचही ‘टी’ वर राहिला. गेज बंद पडला तरी दिवा हवाच. जड सेन्सर थेट ब्लॉकवर लटकवायचा नाही, इंजिनाच्या थरथरीनं पितळ मानेत तुटतं. म्हणून विणलेल्या लवचीक नळीनं तो आडव्या ब्रॅकेटवर नेला.

२० ऑक्टोबर, रविवार

पहिले आकडे. पीथमपूरच्या वाटेवर तेल ९४ ते ९८ अंश. गरम आयडलला दाब १.४ बार, ३,००० ला ३.७.

जुना ठोकताळा आहे : दर १,००० आरपीएमला निदान १० पीएसआय. ३,००० ला ३.७ बार म्हणजे ५३ पीएसआयच्या वर. आयडललाही ठीक. बाबांना फोन करून आकडे सांगितले. ते एवढंच म्हणाले, “मग आहेत.” म्हणजे बेअरिंगं.

फेब्रुवारीपासून छातीवर असलेलं ओझं आज थोडं उतरलं.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात. आज दोन गोष्टी : तेल कोणतं आणि तेल किती.

कोणतं, हे लवकर ठरलं. ५डब्ल्यू-३० ऐवजी ट्रॅकसाठी ५डब्ल्यू-४०, फुल सिंथेटिक. शेवटचा आकडा १०० अंशांवरची दाटी सांगतो, पण बेअरिंगला जास्त कळीची दाटी आहे ती १५० अंशांवर आणि जोराच्या घर्षणात मोजलेली. तिथे ३० ला किमान २.९ आणि ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद लागतात. रोजच्या वापरात थोडं मायलेज जाईल. जाऊ दे. याहून दाट, ५० वगैरे, नको. थंड सकाळी तेच तेल अरुंद वाटांतून ढकलायचं असतं.

किती, यावर मात्र सगळी दुपार गेली आणि मला वाटतं या वहीतलं सगळ्यांत कामाचं पान हेच आहे.

गाडी वळते तेव्हा तेल बाहेरच्या बाजूला चढतं. बाजूचा जोर एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, झाला तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंश तिरका होतो. हे घरी करून बघता येतं, कारण डबा ४५ अंशांत तिरका धरणं आणि एक जीनं वळणं तेलाच्या दृष्टीनं सारखंच. आम्ही गोडेतेलाचा जुना १५ किलोचा डबा घेतला. तळ साधारण २३ सेंमी. मध्यावर, म्हणजे साडेअकरा सेंमीवर, मार्करनं फुली मारली : हे समजा तेल ओढणाऱ्या पंपाचं तोंड. मोबाइलची लेव्हल लावून डबा ४५ ला टेकवला आणि जुनं तेल ओतत गेलो.

या इंजिनात फिल्टरसकट ३.६ लिटर तेल बसतं. पण चालत्या इंजिनात साधारण एक लिटर वर असतं, हेडमध्ये, वाटांत, परतीच्या प्रवासात. म्हणून डब्यात २.६ ओतलं. तळ १५ सेंमीपर्यंत झाकला गेला, फुली साडेतीन सेंमी बुडाली. मग एक लिटर काढलं, म्हणजे फेब्रुवारीतली माझी गाडी. १.६ लिटर. तळ पावणेबारा सेंमीपर्यंत झाकला. फुलीवर तेलाचा केसभर थर. डबा जरा हलवला की फुली उघडी.

खरा संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, चौकोनी डबा नाही, साध्या टायरवर पूर्ण एक जी क्वचितच मिळतं, हे सगळं मान्य. तरी त्या एका लिटरचा अर्थ मला आज डोळ्यांनी दिसला. शिवाय बुद्धचं ते वळण दोन टोकांचं आहे, संपता संपत नाही. छोट्या वळणात तेल चढेपर्यंत वळण संपतं. तिथे ते चढतं आणि चढूनच राहतं.

मग वरच्या खुणेच्या वर आणखी अर्धा लिटर भरावं का? नाही. क्रँक तेलात आपटू लागला की फेस होतो आणि पंप फेस ओढतो. तेल बरोबर वरच्या खुणेला, आणि प्रत्येक सत्राआधी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबून बघायचं.

संप काढून आत आडोसे वेल्ड करायचा विचार आहे. आधी आकडे हवेत, म्हणून आत्ता नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ परत इनटेकमध्ये सोडतो तो हा. जुना कानाशी हलवला तर खुळखुळलाच नाही, चिकटलेला. तेल कमी होण्यात त्याचाही वाटा असणार. पीसीव्हीच्या नळीवर छोटी कॅच कॅन, म्हणजे त्या वाफेतलं तेल अडवणारा डबा, बसवली, आत छिद्रांचा पत्रा. बरेच जण आत भांडी घासायची स्टीलची जाळी कोंबतात. तिचे तुकडे सुटले तर ते थेट इनटेकमध्ये जातात, त्यामुळे ती नकोच.

एअर फिल्टर कंपनीचाच, कागदी. उघडा कोन फिल्टर लावायचा आग्रह झाला. पीथमपूरच्या रस्त्यावरची धूळ रोज पाहते, त्यामुळे ऐकला नाही. प्लग नवे, इरिडियम, मूळ हीट रेंजचेच. टॉर्क १८ न्यूटन मीटर.

२४ नोव्हेंबर, रविवार

धामनोदहून मानपूरच्या दिशेनं घाट चढले, तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रकांच्या मागे, नियमाच्या वेगात. सार्वजनिक रस्त्यावर यापुढे काही करायचं नाही. भार देण्यासाठी चढण पुरेशी असते. पीथमपूरला ऑफिसच्या वाटेजवळच ११.३ किमीचा हायस्पीड ट्रॅक आहे, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी.

वर पोचताना तेल १०७, कूलंट ९४. माथ्यावर उभी राहिल्यावर कूलंट ९७ पर्यंत जाऊन परत. पंखा वेळेवर लागला.

ब्रेक ऑइल बदललं. साधं डॉट ४ : कोरडं २३० अंशांना उकळतं, हवेतलं पाणी पिऊन मुरलं की १५५ ला. बाटली सीलबंद घेतली, उरलेली फेकली. इंजिनाच्या वहीत ब्रेक कशाला, तर पॅडल खाली गेलं की इंजिन कितीही चांगलं असून उपयोग नाही.

८ डिसेंबर, रविवार

नवं तेल, नवा फिल्टर. ड्रेन प्लग ३९ न्यूटन मीटर, नवा वॉशर. चाकांचे नट १०८. सगळ्या जोडांवर पिवळ्या रंगाची रेघ, सरकलं तर दिसावं म्हणून. पितळेच्या जोडाखाली पांढरा कागद रात्रभर. सकाळी कोरडा.

१२ डिसेंबर, गुरुवार

इंदूर ते ग्वाल्हेर. देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मामाकडे मुक्काम. महामार्गावर तेल ९९ च्या वर गेलं नाही. मामीनं बाबांना विचारलं, एवढ्या लांब गाडी चालवायला जाताय, मग तिथे काय करणार? बाबा म्हणाले, “गाडी चालवणार. मी डिपस्टिक बघणार.”

१४ डिसेंबर, शनिवार

बुद्ध सर्किट. सकाळी धुकं, पहिलं सत्र उशिरा. मोबाइल गेजसमोर बांधलेला, नंतर पाहता यावं म्हणून. फेऱ्यांची वेळ मी मोजली नाही.

पहिलं सत्र. सुरुवातीचा फेरा तेल ८० च्या वर येईपर्यंत सावकाश. मग चार फेरे. तेल ११९, कूलंट ९६. दहा-अकरामध्ये दाब ४.४ वरून ४.१. डिपस्टिकवर खूण किंचित खाली, १०० मिली घातलं.

दुसरं. तेल १२४, कूलंट ९९. त्याच वळणात ४.३ वरून ३.९. पुन्हा १५० मिली.

तिसरं सत्र मी मुद्दाम न भरता केलं, फक्त तीन फेरे, आणि बाबांना आधी सांगून. हा आकडा मला हवाच होता. तेल १२५. पहिल्या फेऱ्यात ४.२ वरून ३.८, तिसऱ्यात ३.१. डिपस्टिक वरच्या खुणेपासून पाव अंतर खाली. एवढ्या थोड्या फरकानं एवढा उतार! फेब्रुवारीत मी अर्ध्यावरून सुरुवात केली होती.

चौथ्याला तेल भरून : ४.२ वरून ३.९. म्हणजे डब्यातल्या फुलीनं जे सांगितलं तेच ट्रॅकनं सांगितलं.

तेलाचं तापमान १२७ ला गेल्यावर मी सावकाश फेरा घेतला. त्या एका फेऱ्यात ते ११३ वर आलं. आत आल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही, हँडब्रेक ओढला नाही, चाकाला दगड लावला. तेल सव्वाशे अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नसेल तर मला आत्ता ऑइल कूलर नको, शिस्त पुरते. मे महिन्यात कुणी बोलावलं तर पुन्हा विचार करेन.

कॅच कॅनमध्ये चमचाभर तपकिरी पाणी आणि तेल.

१६ डिसेंबर, सोमवार

रात्री साडेअकराला घरी पोचलो. सकाळी आठला पीथमपूर. गरम आयडलला दाब १.४ बार.

२२ डिसेंबर, रविवार

५डब्ल्यू-४० आणखी काही हजार किमी चाललं असतं. फिल्टरसाठी उतरवलं.

बाबांनी लेथवर शिवण सोलली. पांढरं कापड, गच्चीवरचं ऊन. दोघांनी वेगवेगळं मोजलं आणि मग आकडे सांगितले : माझे तीन, त्यांचे तीन. दोन चुंबकाला चिकटले, एक नाही.

कॉम्प्रेशन : १८७, १८७, १८१, १८८. टॅपेट पुढच्या रविवारी सकाळी तपासायचे, तिसऱ्याचे आधी.

संपच्या आडोशासाठी पुठ्ठ्याचा पहिला नमुना कापला. आडोशात तेल एकाच दिशेनं आत सोडणारं छोटं दार असेल. बाबांना त्या दाराची बिजागरी उजव्या बाजूला हवी, मला डावीकडे. डबा पुन्हा खाली काढलाय.